परमिट म्हणजे लायसन्स नव्हे, किती वेळा सांगू!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली परत तेच. "दादा, बॅच काढला की रिक्षाचं परमिट मिळतंच ना?" अरे बॅच नाही, बॅज. आमच्या स्टँडवरपण सगळे बॅचच म्हणतात, ते सोडा, पण "मिळतंच ना" हे कुणी सांगितलं तुम्हाला?

पटकन घेतो. लायसन्स म्हणजे तुला गाडी चालवता येते. बॅज म्हणजे प्रवासी बसवायला तू चालतोस, वय 20 पूर्ण, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे. झालं.

आता परमिट. ते तुझी परीक्षा घेतच नाही. ते गाडीचं असतं आणि सरकारने संख्या बांधली की शहरात किती रिक्षा धावणार ते त्यावर ठरतं. महाराष्ट्रात 1997 ला नवीन परमिटं बंद केली ती सरसकट उघडली थेट 2017 ला, मध्ये रद्द झालेली परमिटं लॉटरीने वाटली तेवढंच. म्हणजे वीस वर्षं तुम्ही कितीही भारी चालवा, कागद नाही तर नाही. दहावीला सगळे पास पण मार्कशीट पहिल्या शंभरांनाच, असं झालं हे.

माझा मामा तेव्हा दुसऱ्याच्या परमिटवर पाळीने चालवायचा. मालकाने कधी हँडल धरलेलं मी तरी बघितलं नाही, पण रोजचे 150 रुपये त्याला आधी द्यायचे, मग गॅस, मग उरलं तर घरी. आता मला सांगा, चालवायला कोणाला येत होतं? मामाला. कागद कोणाकडे? म्हणून म्हणतो, संख्या बांधली की कागदालाच भाव येतो, आणि तो भाव चालवणाऱ्याच्या खिशातून जातो, मीटर कितीही पळू दे.

आणि हो, ते मराठीवालं. 2016 ला सरकारने परमिटसाठी मराठी येण्याची अट घातली होती, मुंबई हायकोर्टाने 2017 ला ते परिपत्रक रद्द केलं. यावरून कमेंटमध्ये आईबहीण काढू नका रे, मागच्या वेळी दोन तास डिलीट करत बसलो होतो. मराठी यावी, मलापण वाटतं, पण बघा ना, अट कुठे लावली? परत परमिटलाच! प्रवाशाशी बोलणार कोण, मालक की चालवणारा?

"मग सगळंच खुलं करा ना" म्हणणारे पण आहेत. अर्धंच पटतं. कारण ज्याने बंदीच्या काळात मोठी रक्कम मोजून परमिटवाली गाडी घेतली त्याचा पैसा 2017 ला एका नोटिफिकेशनमध्ये पातळ झाला, त्याचं काय? त्यात ओला उबर आलेच होते. पुण्यात 2022 ला बाईक टॅक्सीविरुद्ध रिक्षावाले रस्त्यावर उतरले तेव्हा लोक म्हणाले माज आहे. माज असेलही काहींचा, मीटरने न येणाऱ्यांवर तर मी वेगळा व्हिडिओ करणारे. पण मी परमिट काढलं, फिटनेस केलं, टॅक्स भरला आणि शेजारचा पांढऱ्या नंबरप्लेटच्या, म्हणजे खासगी बाईकवर तेच गिऱ्हाईक नेतो, हे कोणालाही झोंबणार.

मामाने 2018 ला स्वतःचं परमिट काढलं. पेढे वाटले. परवा जेवायला आला होता, म्हणतो, "स्टँडवर फार गर्दी झाली रे, आता परमिटं बंद करायला पाहिजेत."