जमिनीच्या आतलं हवामान

श्रोतेहो, नमस्कार.

हवामानाच्या बातम्यांत सांगतात ते तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या हवेचं असतं. पेरलेलं बी मात्र चार-पाच सेंटीमीटर मातीखाली असतं, आणि ते रुजणार की नाही हे तिथली ऊब आणि तिथली ओल ठरवते. या दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडताच येत नाही.

ओल्या जमिनीवर ऊन पडलं की त्याचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. 1 किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,450 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत 100 किलो कोरडी माती जवळजवळ 30 अंशांनी तापेल! म्हणजे ओल आहे तोवर जमीन बेताची तापते. ओल सरली की तेच ऊन मातीला भाजू लागतं. कडक उन्हात उघडी, कोरडी जमीन वरच्या थरात 60 अंशांच्याही पुढे जाऊ शकते.

ही उष्णता खाली फार सावकाश उतरते. दुपारची ऊब 30 सेंटीमीटर खोल पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तीही अगदी क्षीण होऊन पोहोचते. अर्ध्या मीटरखाली दिवस-रात्रीचा फरक जवळपास जाणवत नाही. ऋतूंचा फरक मात्र कित्येक मीटर खोल जातो. मला याचं फार नवल वाटतं: उन्हाळ्याची ऊब पाच-सहा मीटर खाली पोहोचते, तेव्हा वर थंडी पडलेली असते.

आता पाऊस. किती पडला यापेक्षा कसा पडला, हे मातीच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. 50 मिलीमीटर पाऊस तासाभरात कोसळला, तर थेंबांच्या मारानं ढेकळं फुटतात, बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात आणि पाणी वरच्यावर वाहून जातं. तोच दोन दिवस रिपरिपला, तर मुरतो. जास्तीचं पाणी निचरून जमीन वाफशावर आली, की सुरुवातीला ती किती भरभर वाळेल हे ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा ठरवतात. पुढे वरचा थर सुकला की तो खालच्या ओलीला अडसर होतो. उथळ कोळपणीनं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलकेच खरवडून मोकळी केली, की हाच थर लवकर तयार होतो, खालून वर चढणाऱ्या पाण्याची वाट तुटते.

हवा 1 अंशानं तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे मुसळधार सरी वाढतात, आणि दोन पावसांमधल्या उघडिपीत हीच तापलेली हवा जमिनीतली ओल अधिक ओढून घेते. वाळलेली जमीन उलट वरच्या हवेलाच तापवते. म्हणून अवर्षणात आलेली उष्णतेची लाट जास्त जाचक ठरते. जमीन पालापाचोळ्यानं किंवा पिकाच्या अवशेषांनी झाकलेली असेल, तर कोवळ्या मुळांभोवतीचं दुपारचं तापमान काही अंशांनी कमी राहतं आणि पुढच्या पावसापर्यंत ओल टिकण्याची शक्यता वाढते.