फोटोवरून चेहरा काढताना

श्रोतेहो, नमस्कार.

डोळे सुरेख आलेत, नाक सुरेख आलंय, पण माणूस ओळखू येत नाही. फोटो समोर ठेवून चेहरा काढू लागलेल्या प्रत्येकाची ही पहिली तक्रार असते. पहिला तासभर एका डोळ्याच्या पापण्या रेखण्यात गेलेला असतो, आणि तो डोळाच मुळात चुकीच्या जागी बसलेला असतो. साम्य येतं ते अवयवांमधल्या अंतरांतून आणि सावल्यांच्या आकारांतून. पापण्यांचे केस अगदी शेवटी आले तरी चालतात.

पण त्याआधी फोटोकडे बघू, कारण निम्म्या चुका तिथूनच येतात. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असतो. त्यामुळे नाक मोठं दिसतं, कान मागे जातात आणि चेहरा निमुळता होतो. तुम्ही तो इमानदारीने उतरवलात तरी घरचे म्हणणार, नाक जरा मोठं झालंय. म्हणून दुसऱ्याला दोन मीटर लांब उभं राहून, थोडं झूम करून फोटो काढायला सांगा. फ्लॅश नको. समोरून आलेला फ्लॅश सगळ्या सावल्या पुसून टाकतो आणि चेहरा थाळीसारखा सपाट होतो. माणसाला खिडकीजवळ बसवा, उजेड एका बाजूने आणि थोडा वरून येऊ द्या. त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद ठेवा. दात दाखवून हसणारा फोटो सुरुवातीला टाळलेलाच बरा. दातांच्या फटी रेषांनी काढल्या की चेहरा लगेच वयस्कर दिसतो.

आता मोजमाप. समजा, प्रिंटवर डोक्याच्या माथ्यापासून हनुवटीपर्यंत ९ सेंटिमीटर आहेत. ए-फोर कागदावर डोकं १८ सेंटिमीटरचं घ्या, मान आणि खांद्यांना जागा उरते. फोटोवर १ सेंटिमीटरचे चौकोन आखा, कागदावर २ सेंटिमीटरचे, आणि फोटोच्या एका चौकोनात जे दिसतं ते कागदावरच्या त्याच चौकोनात उतरवा. फोटो खराब करायचा नसेल तर पारदर्शक प्लास्टिकवर चौकोन आखून ते वर ठेवा. आडव्या ओळींना आकडे आणि उभ्या ओळींना अक्षरं द्या, नाहीतर कानाजवळ पोचेपर्यंत एक चौकोन हमखास चुकतो. कागदावरच्या रेषा नेहमीच्या एचबी पेन्सिलीने, जेमतेम दिसतील इतक्या हलक्या. दाबून ओढल्या तर कागदाला खाच पडते. रेषा खोडली तरी खाच राहते, आणि शेडिंग केल्यावर गालावर पांढरी रेघ उमटते. ती मग कशानेच जात नाही.

चौकोन आखणं म्हणजे फसवणूक, असं काहींना वाटतं. मुंबईत सिनेमाची होर्डिंग हाताने रंगवली जायची, तेव्हा लहानशा फोटोवरून भलेमोठे चेहरे असे चौकोन आखूनच वाढवले जात. मात्र कायम त्यावर राहू नका. एकेका चौकोनात मान घालून काढलं की पूर्ण चेहरा नजरेत येतच नाही. आठ-दहा चित्रं झाली की चौकोन दुप्पट मोठे करा. पुढे फक्त दोन रेषा ठेवा, चेहऱ्याची मधली उभी आणि डोळ्यांची आडवी.

समोरून पाहिलेल्या सरळ चेहऱ्यात डोळे माथा आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर असतात. नवखा हात ते हमखास वर नेतो, कारण केसांखालची कवटी तो धरतच नाही. मग कपाळ आखूड होतं, आणि प्रौढ माणसाच्या धडावर भलताच चेहरा बसतो. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढं अंतर असतं. हे ढोबळ माप आहे. तुमच्या समोरचा माणूस त्यापासून जिथं वेगळा आहे, तिथंच त्याची ओळख आहे. म्हणून नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली जागा जरूर मोजा. दोन मिलिमीटरच्या फरकाने माणूस बदलतो.

मग छायाप्रकाश. फोनमध्ये फोटो कृष्णधवल करून घ्या आणि डोळे किलकिले करून पाहा. बारकावे विरघळतात आणि गडद भागांचे आकार उरतात. भुवईखालची सावली, नाकाची बाजू, खालच्या ओठाखालचा पट्टा. हे आकार आधी एकाच फिक्या छटेत भरा. त्यानंतर लगेच सर्वांत गडद जागा, म्हणजे डोळ्याची बाहुली, नाकपुड्या आणि केसांच्या आतली सावली, ४बी किंवा ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने पक्क्या करा. त्या नसतील तर बाकीचं किती गडद करायचं याचा अंदाजच येत नाही. घाबरत घाबरत शेडिंग होतं आणि आपली सावळी माणसं कागदावर गोरी होतात. सावळ्या त्वचेची मधली छटाच गडद असते, आणि म्हणून कपाळावरची, नाकाच्या शेंड्यावरची चमक जास्त उठून दिसते. कोरा पांढरा कागद फक्त तिथंच सोडा. डोळ्यांचा पांढरा भागही पांढरा नसतो. वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते.

बोटाने घासू नका. बोटाच्या तेलाचा डाग पडतो आणि तिथं पेन्सिल एकसारखी चढत नाही. टिश्यू किंवा कागदाची गुंडाळी वापरा, हाताखाली कोरा कागद ठेवा. केस एकेक करून काढण्यापेक्षा आधी त्यांचे गठ्ठे पाहा. चार-पाच गडद आकार भरा आणि चमक मळता येणाऱ्या रबराने उचलून काढा.

एक विनंती वारंवार येते. आजोबांचा पासपोर्ट आकाराचा एकच जुना फोटो आहे, त्यावरून मोठं चित्र काढून द्या. त्यात चेहरा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो आणि डोळा काही मिलिमीटरचा. मोठं करताना जे दिसत नाही ते मनाने भरावं लागतं, आणि तिथंच आजोबा हरवतात. अशा वेळी चेहरा दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा मोठा करू नका, आणि जिथं फोटो धूसर आहे तिथं कडाही धूसर ठेवा.

चूक शोधायला फोटो आणि चित्र दोन्ही डोकं खाली येईल असे उलटे करून शेजारी ठेवा, किंवा आरशात पाहा. तिरका जबडा लगेच दिसतो. प्रत्येक चित्रावर तारीख घाला, बिघडलेलं फाडू नका. तीन महिन्यांनी तोच फोटो, तोच आकार, पुन्हा काढा. दोन्ही कागद एकावर एक धरून दिवसा खिडकीच्या काचेला लावा. डोळे किती खाली सरकलेत, ते मिलिमीटरमध्ये मोजता येईल.