गळवाला गोळी का लागू पडत नाही?

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्याच्या उन्हात रावेर-यावलकडच्या केळीबागेत घड वाहणाऱ्याच्या मानेवर गळू येतं. मेडिकलवरून अमॉक्सिसिलिनच्या चार कॅप्सूल येतात, गळू काही हटत नाही. मग ओट्यावर निदान ठरतं, "अंगाला गोळीची सवय पडली." अंगाला काहीही झालेलं नसतं हो. बदल झालेला असतो जंतूत, आणि तोही त्याच्या प्रोटीनांत.

गळवात बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू असतो. त्याच्याभोवतीची भिंत म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे टाके. बाजेची वीण असते तशी. हे टाके घालणाऱ्या प्रोटीनात एक खाच असते, खाचेत सेरीन नावाचं अमिनो आम्ल. टाका पडायचा तर साखळीला लोंबणारं टोक या सेरीनपाशी यावं लागतं. पेनिसिलिन, म्हणजे अमॉक्सिसिलिनचं घराणं, दिसायला त्या टोकासारखंच. प्रोटीन फसतं, औषधातलं चार अणूंचं ताणलेलं कडं उघडतं आणि औषध सेरीनला घट्ट चिकटून बसतं. टाके थांबतात, भिंत कच्ची राहते, जंतू आतल्या दाबानेच फुटतो.

यावर जंतूने आधी ते कडं तोडणारं एन्झाइम काढलं. म्हणून 1959 साली मेथिसिलिन आलं, त्या एन्झाइमला दाद न देणारं. पण 1961 मध्येच इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या जंतूची नोंद झाली. या जंतूकडे मेक-ए हे बाहेरून मिळवलेलं जनुक होतं. त्यातून पीबीपी-टू-ए नावाचं ज्यादा प्रोटीन बनतं. त्याची खाच एरवी मिटलेली असते, औषध सेरीनपर्यंत पोचतच नाही. बाकीची प्रोटीनं अडकून पडली तरी टाक्यांचं काम हे निभावून नेतं. हिकमत दाद देण्याजोगी आहे!

मग खाच उघडते कधी? भिंतीचाच तुकडा प्रोटीनवर दुसरीकडे, बराच लांब टेकला की. सेफ्टारोलिन हे औषध नेमकं तिथेच बसतं, खाच उघडते आणि त्याचाच दुसरा रेणू आत शिरतो. अमेरिकेत 2010 साली त्याला मंजुरी मिळाली. अर्थात ते शिरेतून द्यायचं इंजेक्शन आहे, काउंटरवर मागायची चीज नव्हे.

पू कल्चरला दिला, तर रिपोर्टात औषधांपुढे 'एस' (लागू पडतं) किंवा 'आर' (जंतू जुमानत नाही) लिहून येतं. सेफॉक्सिटिन हे मेक-एवाला जंतू ओळखायला लॅबमध्ये वापरायचं औषध; त्यापुढे 'आर' दिसला, तर अमॉक्सिसिलिन काय, सेफॅलेक्सिन काय, कुठल्याही कंपनीचं आणि कितीही पॉवरचं घ्या, ते खाचेबाहेरच राहणार. आणि बऱ्याच गळवांना तर गोळीपेक्षा डॉक्टरांनी चीर देऊन पू काढणंच जास्त कामाचं असतं.