बँक नदीची आणि बँक पैशांची: नातं काय?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तोच प्रश्न: नदीच्या काठालाही बँक, पैसे ठेवतो तीही बँक, हे काय गौडबंगाल? अर्थ सांगत बसत नाही, ते शाळेत झालंय. ब्लड बँक म्हणजे रक्तपेढी, वळताना विमान कलतं तेही बँक. पुढे चला.

एका दादांनी लिहिलंय, सावकार नदीकाठी बसायचे म्हणून बँक. पुरावा काय, तर आपला नाशिकचा सराफ बाजार! अहो दादा, सराफ बाजार गोदाकाठी आहे, मान्य. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी चढलं की तिथे दुकानं आवरायची धांदल उडते, तेही मान्य. पण हा शब्द घडला तो युरोपात, त्याला पंचवटी काय माहीत? आणि लाइक्स सगळे दादांनाच. माझ्या उत्तराकडे कोणी ढुंकून बघत नाही.

तर काठाची बँक इंग्रजीत आली उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून. अर्थ उंचवटा, मातीचा बांध. पैशांची बँक आली पंधराव्या शतकात, इटलीकडून, फ्रेंचांच्या हातून. इटालियन 'बांका' म्हणजे बाक, पैसे बदलून देणाऱ्याचं मेज.

आता खरी मेख. हा 'बांका' लॅटिनमधला नाहीच! तो जर्मानिक टोळ्यांचा शब्द, म्हणजे ज्या खानदानातून इंग्रजी, जर्मन आणि स्कँडिनेव्हियन भाषा आल्या त्यातला. 568 साली लोम्बार्ड इटलीत शिरले, अशा लोकांच्या बोलीतून तो तिथे रुजला.

कळलं नाही? परत सांगतो. या जर्मानिक घरातली एक लेक, म्हणजे 'बांका', इटलीत दिली. तिची मुलगी, म्हणजे पैशांची बँक, काही शतकांनी इंग्लंडला आजोळच्या माणसांत आली. तिथे काठाची बँक, म्हणजे तिची मावशी, आधीच नांदत होती. दोघींनी एकमेकींना ओळखलंसुद्धा नाही.

अजून नाही? मग 'बेंच' घ्या. इंग्रजीतला अस्सल घरचा शब्द, मूळ तेच. बेंच आणि दोन्ही बँका एकाच खानदानातल्या. पण नदीवरून पैसा आला नाही आणि पैशावरून नदी आली नाही. दादा, ऐकताय ना?

परवाच पासबुक भरायला गेलो होतो. मशीन बंद, साहेब जेवायला, आणि मी लोखंडी बाकावर. म्हटलं, चला, पैशांच्या बँकेत निदान मूळ अर्थ तरी शिल्लक आहे!

'बँकरप्ट'बद्दलही विचारता. इटालियन 'बांका रोत्ता', मोडका बाक. शेवटचं 'रप्ट' लॅटिनच्या वळणावर नंतर गेलं. दिवाळं निघालेल्या सराफाचा बाक लोक भर बाजारात फोडायचे, ही गोष्ट सगळे चॅनेलवाले डोळ्यांनी बघितल्यासारखी रंगवतात. मी नाही रंगवणार.

आणि गंगापूर रोडच्या लॉन्सवाल्यांनो, तुमचा 'बँक्वेट' हॉलसुद्धा यातलाच. इटालियन 'बांकेत्तो' म्हणजे छोटा बाक. तेव्हा पाहुण्यांना ताटं हातात घेऊन उभं करण्याआधी बसायला काहीतरी ठेवा!