‘ग्लॅड’च्या मागून येणारं ‘दॅट’

मंडळी, सुरुवात एका पत्रापासून करते. आमच्या शेजारच्या आजी एकदा इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी कुठेतरी अर्ज केला होता, त्याचं ते उत्तर होतं. पत्रात एक वाक्य होतं : ‘आय ॲम अफ्रेड दॅट वी कॅनॉट ॲक्सेप्ट युअर ॲप्लिकेशन.’ नातवानं शब्दाला शब्द लावून आजींना अर्थ सांगितला होता. आजींनी मला विचारलं, “अगं, या साहेबाला माझी कसली भीती वाटते?”

प्रश्न अगदी रास्त होता. शब्दकोशात ‘अफ्रेड’ म्हणजे घाबरलेला. पण त्या साहेबाला म्हणायचं होतं, ‘सांगायला वाईट वाटतं, पण तुमचा अर्ज आम्हाला घेता येत नाही.’ आजचा माझा विषय तोच आहे. ग्लॅड, सॉरी, अफ्रेड, प्राउड, सरप्राइज्ड अशा भावनेच्या विशेषणांमागे ‘दॅट’ लावून एक अख्खं वाक्य येतं, ते कसं येतं आणि आपण तिथे कुठे अडखळतो.

‘अफ्रेड’चंच आधी बघू. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज’ ही खरी भीती. झाडावर चढलेल्या मुलाकडे बघत आई म्हणते, ‘आय ॲम अफ्रेड दॅट ही मे फॉल’, तीही खरी भीती. पण ‘आय ॲम अफ्रेड दॅट द डॉक्टर हॅज लेफ्ट’ यात भीती औषधालाही नाही. डॉक्टर गेलेत, ते ठरलेलं आहे. बोलणारा फक्त नको असलेली बातमी हळुवार हातानं देतोय. मुलांना मी सांगते, ‘दॅट’च्या पुढे बघा. पुढची गोष्ट अजून घडायची असेल तर बहुधा भीती, आणि घडून गेलेली किंवा ठरलेली असेल तर बहुधा दिलगिरी.

आता हे ‘दॅट’. आपण शाळेत ‘दॅट म्हणजे ते’ असं शिकतो आणि ते डोक्यात पक्कं बसतं. म्हणून मुलं ‘आय ॲम ग्लॅड’ म्हणून थांबतात, श्वास घेतात आणि ‘दॅट’वर जोर देतात. लांबच्या वस्तूकडे बोट दाखवणाऱ्या ‘दॅट’वर जोर असतो. वाक्य जोडणारं ‘दॅट’ मात्र ओझरतं येतं, जवळजवळ ‘दट्’ असं, आणि मागच्या शब्दाला चिकटून येतं. रोजच्या बोलण्यात तर ते गळूनच जातं : ‘आय ॲम ग्लॅड यू केम.’ इतिहासात दोन्ही ‘दॅट’ एकाच मुळाचे आहेत, पण आज त्यांची कामं वेगळी आहेत.

आपल्याकडे हे काम ‘की’ करतं असं पुस्तकं सांगतात. पण दारात आलेल्या बहिणीला कोण म्हणतं, ‘मला आनंद आहे की तू आलीस’? आपण म्हणतो, ‘आलीस, बरं वाटलं.’ नाहीतर ‘तू आलीस याचा आनंद झाला.’ कारण आधी, भावना नंतर. इंग्रजीत भावना आधी येते आणि तिचं कारण मागून. शिवाय आपल्याकडे आनंद होतो, राग येतो, भीती वाटते, आणि माणूस ‘मला’ होऊन बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूसच कर्ता : ‘आय ॲम ग्लॅड.’ जुन्या इंग्रजीतही ‘मला वाटतं’सारखी रचना होती. ‘मीथिंक्स’ हा तिचाच उरलेला तुकडा. ‘मला वाईट वाटलं’ आणि ‘हे वाईट झालं’ हा आपला फरक मात्र तिथेही आहे : ‘आय ॲम सॅड दॅट’ आणि ‘इट इज सॅड दॅट’.

सर्वांत जास्त चुका होतात त्या ‘याचा’पायी. ‘याचा अभिमान’ डोक्यात असतं, म्हणून मूल लिहितं, ‘आय ॲम प्राउड ऑफ दॅट माय सिस्टर वन.’ चूक आहे, पण विचार करून केलेली चूक आहे. ‘प्राउड ऑफ माय सिस्टर’ बरोबरच. पण मागे ‘दॅट’चं वाक्य आलं की ‘ऑफ’ला जागा उरत नाही : ‘आय ॲम प्राउड दॅट माय सिस्टर वन.’ ‘सरप्राइज्ड ॲट’मधलं ‘ॲट’ असंच जातं, ‘अवेअर ऑफ’मधलं ‘ऑफ’ही. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, इथे नुसती लाल रेघ मारू नका. त्या मुलाला त्याचं मराठी वाक्य मोठ्यानं म्हणायला लावा. चूक कुठून आली ते त्याचं त्यालाच ऐकू येईल.

आणखी एक गोष्ट. ‘आय ॲम ग्लॅड दॅट ही पास्ड’ म्हटलं की तो पास झालाय हे गृहीत धरलेलं असतं. ‘आय ॲम नॉट ग्लॅड दॅट ही पास्ड’ म्हटलं तरी तो पासच. ‘शुअर’चं तसं नाही. माझी कितीही खात्री असली तरी तो नापास झालेला असू शकतो. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 मध्ये हा भेद नीट मांडला. मला तो कळला एका मुलामुळे. त्याच्यापुढे माफीचा तयार मजकूर ठेवला होता : ‘आय ॲम सॉरी दॅट आय कॉपीड.’ त्यानं ‘सॉरी’ एवढंच वाचलं आणि सही केली. कॉपी केल्याची कबुली ‘दॅट’च्या मागे बसली होती. त्यानं कॉपी केलेली नव्हती, आणि ते सिद्ध करायला मग फार दिवस गेले.

शेवटी माझी सगळ्यात आवडती जागा. ‘आय ॲम सरप्राइज्ड दॅट ही शुड से सो.’ हे ‘शुड’ विद्यार्थ्यांना छळतं. त्याचा अर्थ ‘पाहिजे’ लावला तर वाक्यच उलटं होतं. व्याकरणात त्याला लांबलचक नावं आहेत. पण आपल्याला नावाची गरज नाही, कारण हे रूप आपल्या घरात आहे. ‘तो असं म्हणाला याचं आश्चर्य वाटतं’ ही नुसती माहिती झाली. ‘त्यानं असं म्हणावं, याचं आश्चर्य वाटतं.’ हे जे ‘म्हणावं’ आहे ना, तेच ते ‘शुड’. वर्गात एकदा हे सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती हळूच म्हणाली, “बाई, म्हणजे ‘त्यानं असं करावं?’ असं माझी आई म्हणते, तसं?” मी म्हटलं, “हो गं, अगदी तसंच.”