‘तथ्य’ असा मथळा असलेलं पान

मित्रहो, डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ ही कादंबरी २००३ साली आली आणि जगभर कोट्यवधी प्रतींनी खपली. येशूने त्याची शिष्या मेरी मॅग्डालीन हिच्याशी लग्न केलं, त्यांचा वंश आजही चालू आहे आणि एक गुप्त संघटना हे रहस्य जपते, असं तिचं कथासूत्र. आजही दोन वाचक तिच्यावर बोलायला लागले की वाद होतो. एक म्हणतो, हातातून खाली ठेवता आली नाही. दुसरा म्हणतो, सगळं थोतांड आहे. मग तिसरा मध्ये पडतो: अहो, कादंबरीच आहे ती, एवढं काय मनावर घेता? मला आज या तिसऱ्या मताशी भांडायचं आहे, कारण ते समजूतदार वाटतं आणि वाद नको तिथे थांबवतं.

आधी पहिल्या वाचकाला त्याचं श्रेय देऊ. एकशे पाच प्रकरणं, त्यातली कित्येक दोन-तीन पानांची, आणि कथेचा बहुतेक भाग एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात घडतो. प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलेलं की पान उलटावंच लागतं. माणसं पातळ आहेत, पाठलाग चालू असताना थांबून व्याख्यान देतात, अशी तक्रार जाणकार करतात. ती खरीच आहे. पण कटकारस्थानाच्या कादंबरीत माहिती हीच घटना असते. नायकाने चित्राचा अर्थ सांगितला की वाचकाला वाटतं, आता आपणही आतल्या गोटात आलो. हा आनंद खोटा नाही, आणि त्याला हिणवणारे समीक्षक मला पटत नाहीत.

आता दुसरा वाचक. त्याचा राग येतो कुठून? कथा सुरू होण्याआधी एक पान आहे. मथळा आहे ‘तथ्य’. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ साली स्थापन झालेली गुप्त संघटना खरोखर अस्तित्वात आहे, आणि कादंबरीतली कलाकृती, वास्तू, कागदपत्रं व गुप्त विधी यांची वर्णनं अचूक आहेत, असं लेखक तिथे बजावतो. हे पात्राच्या तोंडचं वाक्य नाही. लेखकाने स्वतःच्या आवाजात दिलेली ही हमी आहे, आणि दिलेल्या हमीचा जाब विचारायचा अधिकार वाचकाला आहे. म्हणून ‘कादंबरीच आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही.

जाब विचारला की काय दिसतं? प्रायरी ऑफ सायन नावाची संस्था १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदली गेली. तिचा कर्ता पिएर प्लांतार, आणि ‘सायन’ हे नाव घेतलं ते जेरुसलेमच्या त्या नावाच्या टेकडीचं नव्हे, तर फ्रान्समधल्याच जवळच्या एका टेकडीचं. पुढे साठच्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात काही बनावट कागद दाखल झाले. त्यात संघटनेच्या प्रमुखांची यादी होती: बॉत्तिचेल्ली, लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो. कागद ग्रंथालयात सापडला म्हणजे तो जुना आणि खरा, असं आपण सहज धरून चालतो. बनावट करणाऱ्याने नेमका तोच भरवसा वापरला.

वास्तूंचंही तसंच. पॅरिसच्या सेंट-सुल्पिस चर्चमधली पितळी रेघ कादंबरीत ‘रोझ लाइन’ होते, मूर्तिपूजकांच्या मंदिराची खूण होते. प्रत्यक्षात ती अठराव्या शतकातल्या खगोलीय उपकरणाचा भाग आहे. खिडकीतून येणारा सूर्यकिरण तिच्यावर पडतो आणि त्यावरून विषुवदिन, पर्यायाने ईस्टरची तिथी पडताळता येत असे. वाचक पुस्तक हातात घेऊन तिथे येऊ लागले, तेव्हा चर्चला सूचना लावून सांगावं लागलं की इथे मूर्तिपूजकांचं मंदिर कधीच नव्हतं, आणि खिडक्यांवरची ‘पी’ आणि ‘एस’ ही अक्षरं पीटर आणि सुल्पिस या संतांची आहेत. मला तर खरी हकिगत कादंबरीतल्या हकिगतीपेक्षा जास्त रोमांचक वाटते. सण कधी येणार हे नेमकं कळावं म्हणून चर्चने आपल्याच जमिनीत विज्ञान कोरून घेतलं!

लंडनच्या खटल्याचाही उल्लेख करायला हवा. १९८२ च्या एका पुस्तकात येशूच्या वंशाचा सिद्धांत इतिहास म्हणून मांडला होता. त्याच्या तीन लेखकांपैकी मायकेल बेजंट आणि रिचर्ड ली या दोघांनी ब्राउन यांच्या प्रकाशकावर दावा लावला. २००६ साली ते हरले, कारण इतक्या सर्वसाधारण कल्पनांवर प्रताधिकार सांगता येत नाही. कादंबरीतल्या ली टीबिंग या पात्राचं नाव या दोघांच्याच आडनावांतून घडवलेलं आहे, आणि न्यायाधीशांनीही निकालपत्रात तिरप्या अक्षरांचा एक कोड लपवला होता.

आणखी एक वाचकवर्ग आहे, आणि त्याच्याविषयी फार कमी बोललं जातं. अनेक स्त्रियांनी ही कादंबरी मेरी मॅग्डालीनसाठी वाचली. चर्चने तिला वेश्या ठरवून बदनाम केलं, हा कादंबरीतला आरोप त्यांच्या मनाला भिडला. या आरोपात खरोखर तथ्य आहे, मात्र ते निराळ्या रूपात. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, तिला कुठेही वेश्या म्हटलेलं नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात तिची आणि ल्यूकच्या शुभवर्तमानातल्या अनाम पापी स्त्रीची एकच व्यक्ती केली, आणि पश्चिमेकडे तीच समजूत शतकानुशतकं टिकली. कॅथलिक दिनदर्शिकेने १९६९ साली ती बाजूला सारली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. यात कुठली गुप्त संघटना लागत नाही. सगळं उघड्यावर घडलेलं आहे.

आणि इथेच माझा या कादंबरीवरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. मॅग्डालीनला न्याय देतो म्हणत ती तिला पत्नी आणि वंश वाहणारी आई एवढंच ठेवते. योहानाच्या शुभवर्तमानात ती रिकाम्या थडग्यापाशी एकटी रडत उभी आहे, पुनरुत्थित येशू सर्वांत आधी तिला दिसतो, आणि ‘मी प्रभूला पाहिलं’ ही बातमी शिष्यांना तीच जाऊन सांगते. म्हणूनच परंपरेने तिला ‘प्रेषितांची प्रेषित’ म्हटलं. एवढी मोठी भूमिका हाताशी असताना कादंबरीला तिच्यात फक्त वंशावळ दिसली. तारखांच्या आणि नकाशांच्या चुका दाखवणारे वाचक मला पुष्कळ भेटतात, पण हा आक्षेप घेणारे फार थोडे, आणि मी त्या थोड्यांच्या बाजूने आहे.