पाचारण ओळखताना

कागदावर तीन उभ्या रेघा मारल्या की चार रकाने होतात. वर प्रश्न एकच, आपल्या पाचारणाचा, म्हणजे देवाच्या हाकेचा: 'मी व्रतस्थ जीवन पत्करावं का?' (लग्न न करता धर्मसंघात जावं का?) पहिल्या रकान्यात 'हो' म्हटलं तर काय साधेल, दुसऱ्यात काय अडेल. तिसऱ्या-चौथ्यात तेच, 'नाही' म्हटलं तर. वाटतं, शेवटचे दोन रकाने पहिल्या दोघांची उलटी बाजूच असणार. लिहायला बसलं की तसं होत नाही. 'हो'च्या तोट्यांत 'एकटेपणा' चटकन लिहिला जातो. पण 'नाही'च्या फायद्यांत 'एकटेपणा टळेल' लिहिताना हात थांबतो, कारण संसारातही तो टळतोच असं नाही.

ही पद्धत येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातली. पोप तिसरे पॉल यांनी 1548 साली तिला मान्यता दिली. मुद्दे मोजायचे नाहीत, तोलायचे. देवाची सेवा आणि आत्म्याचं तारण कुठे अधिक साधतं, एवढंच माप. 'लोक काय म्हणतील' हे ज्या रकान्यात दिसेल, तिथून खोडावं.

कागद हाती घेण्याआधी एक अट आहे: दोन्ही वाटा मुळात चांगल्या हव्यात आणि आपण मोकळे हवेत. लग्नाची शपथ घेतलेल्यानं पुन्हा हा प्रश्न मांडायचा नसतो. त्याचं पाचारण त्याच घरात आहे.

पण बुद्धीचा तोल पुरत नाही. 20 मे 1521 रोजी पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं इग्नेशियस यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं रंगवत, तर कधी संतांसारखं जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड. नंतर मात्र पहिल्यानं मन कोरडं पडे, दुसऱ्यानं समाधान टिकून राही. पारख नंतरच्या चवीत आहे, हे त्यांना तिथे उमगलं. म्हणून रोज रात्री पंधरा मिनिटं दिवसाकडे मागे वळून पाहावं: शांती कुठे मिळाली, मन कुठे आक्रसलं? दोन ओळी पुरतात, पण त्या अनेक आठवडे लिहायला हव्यात.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. प्रार्थना रुक्ष झाली, देव दूर गेल्यासारखा वाटला, की माणूस ठरलेला निश्चय मोडतो. इग्नेशियस यांचा नियम स्पष्ट आहे: अशा उजाड दिवसांत निर्णय बदलायचा नाही. प्रार्थना मात्र थोडी वाढवायची.

देवाकडे खूण मागण्याचा मोहही जुनाच. बायबलमधल्या गिदोनानं देवाची खूण मिळावी म्हणून लोकर पसरली, हे आपण लक्षात ठेवतो. पण आज्ञा त्याला त्याआधीच मिळाली होती, हे विसरतो. यहूदाच्या जागी प्रेषितांनी मत्थियाला चिठ्ठी टाकून निवडलं, तेही पेन्टेकॉस्टच्या (पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या) आधी. पवित्र आत्मा उतरल्यानंतर अंत्युखिया शहरातल्या ख्रिस्ती मंडळीनं उपास आणि प्रार्थना करून बर्णबा व शौल यांना सुवार्ताकार्याला पाठवलं. तिथे चिठ्ठ्यांचा उल्लेख नाही. डोळे मिटून बायबल उघडणं आणि बोट ठेवलेल्या वचनावर आयुष्य ठरवणं हे चिठ्ठीच टाकणं आहे.

मार्गदर्शक हवाच. बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला हाक तीनदा आली आणि तीनदा तो याजक एलीकडे धावला. ही देवाची हाक आहे, हे एलीला कळलं. पण एलीनं त्याच्यासाठी उत्तर दिलं नाही, उत्तर कसं द्यायचं तेवढं सांगितलं. 'तू धर्मगुरूच हो' किंवा 'तू लग्नच कर' असं ढकलणारा मार्गदर्शक तराजूच्या एका पारड्यात स्वतःच बसतो.

निर्णय झाला की तो देवापुढे ठेवून पुष्टी मागायची. पुढचा तोल ख्रिस्तसभा (चर्च) करते. कॅथलिक धर्मसंघात नवदीक्षितांचा (नव्यानं आलेल्यांचा) काळ किमान 12 महिन्यांचा असतो, त्यानंतर तीन ते सहा वर्षांसाठी तात्पुरती व्रतं. नवदीक्षिताला त्या काळात केव्हाही मोकळेपणी घरी परतता येतं, आणि संघही त्याला परत पाठवू शकतो.